जाड पिन, पातळ पिन

सदर : घरातलं इंजिनिअरिंग



गेल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं, तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी गाठून विचारलं, "दर वेळी लोकांच्या घरातल्या चुका सांगतोस. तुझ्या घरात सगळं ठीकठाक असतं वाटतं?" नसतं, काकू. म्हणून या वेळी माझी स्वतःची चूक सांगतो. चूक लहान होती, दुकानात शेंगदाण्याच्या पुडीच्या भावात मिळणारी. परिणाम मात्र लहान झाला नसता.

माझे आईबाबा दांडिया बाजारजवळच्या आमच्या जुन्या घरात राहतात. आम्ही तिघं गावाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लॅटमध्ये. गॅस सिलिंडर नेमका पाहुणे आल्यावर संपतो, ही आईची जुनी तक्रार. म्हणून मागच्या वर्षी मी तिला इंडक्शनची शेगडी घेऊन दिली, २००० वॅटची. शेगडीच्या प्लगला जाड पिना आणि ओट्यावरच्या बोर्डाला बारीक भोकं. घर बांधलं तेव्हा ओट्यावर मिक्सर सोडून दुसरं काही विजेवर चालेल असं कुणाच्या मनात नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, कन्व्हर्टर प्लग आणला, म्हणजे मागे जाड भोकं आणि पुढे बारीक पिना असलेला तो ठोकळा. लावला. शेगडी सुरू झाली. आईनं त्याच शेगडीवर चहा करून मला दिला.

आपल्या बडोद्यात "चालशे" हा शब्द फार प्रेमाचा आहे. मीही तोच म्हणालो.

पुढे सात-आठ महिन्यांनी एका रविवारी जेवायला गेलो असताना आई म्हणाली, "अरे, हल्ली ओट्याशी कसला तरी वास येतो. मासळीसारखा. आपल्याकडे कुठली आलीये मासळी? मोरी तुंबली असेल म्हणून मी तीन वेळा सोडा टाकला."

मासळीचा वास म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सॉकेट आणि प्लग ज्या कडक प्लास्टिकचे बनतात, त्यातली काही प्रकारची प्लास्टिकं जास्त तापली की अगदी तसाच वास सोडतात. मेन बंद केला आणि प्लग ओढला, तर निघेना. दोन्ही हातांनी हलवून काढला. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलं होतं. सॉकेटच्या भोकाभोवती चहाच्या कपाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ. बोर्ड उघडला, तर आतल्या वायरचं आवरण चार बोटं लांबीपर्यंत काळं पडलेलं, नखानं टोकरलं की पापडासारखं तुटत होतं. बोर्ड लाकडी. त्याच्या वर फळी. फळीवर तेलाची बरणी.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एवढं जळेपर्यंत एमसीबी पडला कसा नाही? मग तो बसवलाय कशाला?"

आजचा लेख म्हणजे बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर.

तीन आकडे, तीन वेगळी कामं

घरातल्या कुठल्याही पॉइंटमागे तीन आकडे असतात. पहिला वायरचा : ती किती करंट न तापता वाहून नेईल. दुसरा एमसीबीचा : किती करंट झाला की तो पडेल. तिसरा सॉकेटचा : त्याच्या पितळी पट्ट्या किती करंट सोसतील.

हे तिन्ही समजायला एकच भागाकार पुरतो. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० व्होल्टने भागा, अँपिअर मिळतात. साडेसातशे वॅटचा मिक्सर म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. हजार वॅटची इस्त्री ४.३. दीड हजार वॅटची केटल किंवा एअर फ्रायर ६.५. दोन हजार वॅटची शेगडी किंवा गीझर ८.७. तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर १३.

आता उलटा हिशेब. बारीक पिनेचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. जाड पिनेचं १६ अँपिअरचं, म्हणजे ३६८० वॅट. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी अर्धं काम झालं.

जुन्या सॉकेटवर ५ आणि १५ असे आकडे दिसतील. हे माप इंग्रजांकडून आलं. त्यांच्या १९३४ सालच्या बीएस ५४६ या मानकात गोल पिनांचे ५ आणि १५ अँपिअरचे प्लग होते. पुढे आपल्या आयएस १२९३ या मानकात तेच ६ आणि १६ झाले. इंग्रजांनी स्वतः मात्र १९४७ नंतर ती पद्धत सोडली आणि चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग घेतला. त्यात प्रत्येक प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो. आपल्या प्लगात फ्यूज नाही. आपल्याकडे सुरक्षेचं ते काम पिनेच्या जाडीवर सोपवलेलं आहे.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. जाड पिन बारीक भोकात जात नाही, ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो : प्रोग्रॅममध्ये चुकीच्या जागी चुकीची गोष्ट घातली की कंपाइलर तिथेच अडवतो, "हे इथे बसत नाही" म्हणतो. नवशिका प्रोग्रॅमर काय करतो? चूक दुरुस्त करायच्या ऐवजी ती सूचनाच गप्प करतो. कन्व्हर्टर प्लग म्हणजे ती गप्प केलेली सूचना. ऑफिसात ज्युनिअर मुलांना मी यावरून बोलतो, आणि आईच्या ओट्यावर मी नेमकं तेच केलं होतं.

एमसीबी कोणाची राखण करतो?

आता बाबांचा प्रश्न. एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या वायरची. सॉकेटची नाही, शेगडीची नाही आणि माणसाचीही नाही. माणसाला शॉक लागू नये म्हणून वेगळा आरसीसीबी असतो, तो ३० मिलिअँपिअरची गळती पकडतो. पण वायरवर भार जास्त झाला तर आरसीसीबीला त्याचं काहीच वाटत नाही. दोघांची कामं वेगळी.

वायरिंगचा जगभरचा मूळ नियम एका ओळीचा आहे, आपल्या आयएस ७३२ मध्येही तोच : उपकरणांचा करंट एमसीबीच्या आकड्यापेक्षा जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त नको. म्हणजे वायर सगळ्यात ताकदवान, एमसीबी तिच्यापेक्षा कमी, आणि भार त्याहून कमी.

तांब्याची वायर पाइपातून भिंतीत गेली असेल, तर तिची क्षमता ढोबळ मानानं अशी धरतात : १ स्क्वेअर एमएमची ११ अँपिअर, दीडची १४, अडीचची १९, चारची २६. प्रत्येक कंपनीचा तक्ता असतो, त्यात एखाद-दोन अँपिअर इकडेतिकडे होतात. एका पाइपात बऱ्याच वायरी कोंबल्या किंवा खोली फार तापणारी असली, तर क्षमता आणखी घटते. बडोद्याचा मे महिना आठवा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एमसीबीवर १६ लिहिलं आहे म्हणजे तो १६ ला पडतो असं नाही. मानकाप्रमाणे आकड्याच्या १.१३ पट करंटला त्यानं तासभर तरी पडायचं नसतं, आणि १.४५ पट करंटला तासाभरात पडायलाच हवं. म्हणजे १६ च्या एमसीबीतून १८ अँपिअर तासन्‌तास वाहू शकतात, आणि २३ अँपिअर झाले तरी तो लगेच पडेलच असं नाही. यात एमसीबीचा दोष नाही. मोटार सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, तेवढ्यानं दिवे जाऊ नयेत म्हणून ही सवलत आहे. शॉर्टसर्किट झालं तर मात्र तो क्षणात पडतो. त्यासाठी त्याच्या आत वेगळी चुंबकी यंत्रणा असते.

आता आईच्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडू. ओट्याचं सर्किट दीडच्या वायरचं, म्हणजे १४ अँपिअर. त्यावर मूळचा एमसीबी १० चा. बरोबर होतं. शेगडी आल्यावर सकाळी शेगडी, मिक्सर आणि टोस्टर एकदम चालू व्हायचे : ८.७ अधिक ३.३ अधिक टोस्टरचे ३.५, एकूण साडेपंधरा. दहाचा एमसीबी पडू लागला. योग्य कारणासाठी पडत होता. बाबांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं दहाचा काढून सोळाचा बसवला आणि म्हणाला, "हवे नहीं पडे." खरंच नाही पडला. साडेपंधरा अँपिअर १४ च्या वायरीतून रोज सकाळी जाऊ लागले, आणि कुणी ओरडणारंच उरलं नाही.

मला हे नंतर कळलं. पण त्या वायरमनला दोष देण्याचा मला हक्क नाही. पहिला ठोकळा मी लावला होता.

मग सॉकेट का वितळलं?

वायरीवरचा भार जास्त होता हे खरं, पण वितळलं ते सॉकेट. शेगडी एकटी चालली तरी सहाच्या सॉकेटमधून ८.७ अँपिअर जात होते, म्हणजे जवळजवळ दीडपट. यात मूळ दहाचा एमसीबी असता तरी तो गप्पच बसला असता, कारण त्याच्या दृष्टीनं ८.७ हा आकडा दहाच्या आत आहे.

पिन आणि पट्टी जिथे टेकतात, तिथे थोडासा रोध असतो. उष्णता वाढते ती करंटच्या वर्गानं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. समजा तो रोध ०.०५ ओहम आहे. सहा अँपिअरला तिथे १.८ वॅट उष्णता तयार होते. ८.७ अँपिअरला ३.८ वॅट. म्हणजे करंट दीडपटीपेक्षा कमी वाढला, उष्णता दुपटीहून जास्त. पट्टी तापली की तिचा ताण सैल पडतो, पृष्ठभाग काळा पडतो, रोध वाढतो. रोध वाढला की आणखी तापते. हे चक्र महिनोन्‌महिने हळूहळू फिरतं. रोध ०.२ ओहमला पोचला, तर त्याच ८.७ अँपिअरला तिथे १५ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या निम्म्याहून जास्त धग काडेपेटीएवढ्या बंद जागेत, लाकडी बोर्डावर, रोज तासभर.

आणि या सगळ्या काळात एमसीबीला दिसतं काय? तोच ८.७ चा आकडा. सैल पट्टीमुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. म्हणून बाबांना मी सांगितलं : एमसीबी झोपला नव्हता. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. ते दिसतं फक्त आपल्या नाकाला आणि हाताला.

अमेरिकेतल्या आतेभावाचा प्रश्न

हा किस्सा घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा न्यू जर्सीतल्या आतेभावानं विचारलं, "आमच्याकडे तर २० अँपिअरच्या ब्रेकरवर सर्रास १५ अँपिअरची सॉकेट असतात. इन्स्पेक्टर पास करतात. मग ते कसं चालतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तरात सगळा विषय येतो. अमेरिकेत घरगुती सॉकेटला १२० व्होल्ट असतात, म्हणून तेवढ्याच वॅटला करंट जवळजवळ दुप्पट लागतो. त्यांच्या संहितेत असा नियम आहे की २० अँपिअरच्या सर्किटवर दोन किंवा जास्त सॉकेट असतील, तर ती १५ ची चालतात. पण त्या सर्किटवर एकच एकटं सॉकेट असेल, तर ते २० चंच हवं. कारण असं : अनेक सॉकेट असली तर २० अँपिअर त्यांच्यात वाटले जातात, आणि १५ च्या प्लगचं कुठलंही एक उपकरण १५ पेक्षा जास्त ओढायला बनवलेलंच नसतं. २० चं उपकरण असेल तर त्याच्या प्लगची एक पात आडवी असते, ती १५ च्या सॉकेटात शिरतच नाही. शिवाय तिथली १५ ची सॉकेटसुद्धा २० अँपिअर पुढच्या सॉकेटकडे वाहून नेण्याइतकी मजबूत बनवावी लागतात. वायरचं मापही ठरलेलं : १५ च्या सर्किटला १४ गेज, २० च्या सर्किटला त्याहून जाड १२ गेज.

आपल्याकडेही गोष्ट तीच. सहाची चार-पाच सॉकेट दहाच्या एमसीबीवर असणं चूक नाही, जोवर प्रत्येकात बारीक पिनेचंच उपकरण लागतंय. सॉकेटचा आकडा उपकरणाशी जुळवायचा, एमसीबीचा आकडा वायरशी जुळवायचा. पिनेचा आकार या दोघांमधला करार आहे. कन्व्हर्टर लावला की करार मोडला, मग बाकीचे आकडे कितीही नीट असोत.

उलटं चालतं का?

हा प्रश्न मला नेहमी येतो : सहा भोकांच्या सॉकेटात जाड आणि बारीक दोन्ही पिना बसतात. त्यात मोबाइलचा चार्जर लावला तर सोळा अँपिअर चार्जरमध्ये घुसतील का? नाही. करंट ढकलला जात नाही, उपकरण त्याला लागेल तेवढाच ओढतं. पाण्याच्या मोठ्या टाकीला छोटा नळ लावला म्हणून नळ फुटत नाही. मोठ्या सॉकेटात लहान उपकरण ही सुरक्षित दिशा आहे. लहान सॉकेटात मोठं उपकरण ही धोक्याची.

एकच सावधगिरी. बारीक पिनेच्या उपकरणाची वायरही बारीक असते, आणि तिच्या मागे १६ चा एमसीबी असतो. ती वायर उंदरानं कुरतडली किंवा दारात चेपली, तर भार हळूहळू वाढण्याच्या प्रसंगी एमसीबी तिला वाचवेलच असं नाही. म्हणून चेपलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर बदलायची, वापरत राहायची नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड आणि उत्तरायण

एक्स्टेन्शन बोर्डावर चार सॉकेट असतात, म्हणून चौघांना सहा-सहा अँपिअर मिळतात असा समज आहे. चौघांत मिळून तेवढेच मिळतात जेवढे त्याच्या एका प्लगातून आणि एका वायरीतून जातात. साध्या बोर्डाला सहाचा प्लग असतो, म्हणजे सगळं मिळून १३८० वॅट. टीव्ही, राउटर, लॅपटॉप खुशाल लावा. त्यावर इस्त्री आणि केटल एकत्र लावली की झालेच दहा-अकरा अँपिअर.

उत्तरायणाला गच्चीवर स्पीकर, दिवे आणि उंधियू गरम ठेवायला हॉटप्लेट हे सगळं एका रीळवाल्या केबलवर चालतं. त्या रिळाची वायर पूर्ण उलगडल्याशिवाय मोठा भार लावू नका. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, आतले वेढे एकमेकांना तापवतात. पतंग कापला गेला तर दुसरा मिळतो.

आम्ही काय केलं

दुसऱ्या दिवशी परवानाधारक कंत्राटदाराकडचा माणूस बोलावला. डीबीपासून ओट्यापर्यंत दोन नवीन पॉवर पॉइंट ओढून घेतले, दोन्हीला वेगवेगळी वायर चारची, प्रत्येकावर स्वतःचा १६ चा एमसीबी आणि १६ चं सॉकेट. एक शेगडीला, एक पुढे कधी ओव्हन आला तर. ओट्याच्या जुन्या सर्किटची जळलेली वायर बदलली, त्याचा एमसीबी पुन्हा दहावर आणला. लाकडी बोर्ड गेला. तेलाची बरणी समोरच्या भिंतीवर गेली. एका दिवसाचं काम, थोडी भिंत फोडली, आईची थोडी चिडचिड झाली.

आपल्या राष्ट्रीय संहितेतला ढोबळ नियमही तेव्हाच बाबांना दाखवला : दिवे, पंखे आणि सहाची सॉकेट मिळून एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत. पॉवर सर्किटवर २ पेक्षा जास्त सॉकेट नकोत आणि भार ३००० वॅटच्या आत. बाबा म्हणाले, "म्हणजे आपण आठशेच्या वाटेवर दोन हजाराची बैलगाडी घातली." मी म्हटलं, मी घातली.

या रविवारी एवढं करा

१. घरात कुठे कन्व्हर्टर प्लग आहे का पाहा. जाड पिनेचं उपकरण बारीक सॉकेटात लावण्यासाठी असेल, तर आजच काढा. अशा काही ठोकळ्यांत अर्थिंगची पिनही नीट टेकत नाही, तो धोका वेगळाच.

२. तापवणारी सगळी उपकरणं मोजा : गीझर, शेगडी, इस्त्री, केटल, एअर फ्रायर, रूम हीटर, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन. मागच्या पट्टीवरचे वॅट पाहा, २३० ने भागा. सहाच्या वर आलं की १६ चं सॉकेट.

३. डीबीचं झाकण उघडून एमसीबीवरचे आकडे वाचा. सी१६ लिहिलं असेल तर १६ अँपिअर. सी हे अक्षर क्षणभराचा किती मोठा करंट सोसायचा ते सांगतं. आतली पट्टी खोलू नका, बाहेरून वाचता येतं. कुठल्या एमसीबीवर काय आहे त्याची चिठ्ठी आत चिकटवा.

४. मोठं उपकरण अर्धा तास चालवा, बटण बंद करा, प्लग काढून त्याच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावा. पिनांना नको. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, प्लास्टिकचा रंग बदलला असेल किंवा वास येत असेल, तर तो पॉइंट वापरणं थांबवा.

५. एमसीबी वारंवार पडत असेल आणि कुणी म्हणालं "मोठा बसवतो", तर एकच प्रश्न विचारा : "मागे वायर कितीची आहे?" उत्तर पाहून सांगणारा माणूस आणि न पाहता सांगणारा माणूस, यातला फरक तुम्हाला लगेच कळेल. जुन्या घरात अ‍ॅल्युमिनियमची वायर असू शकते. ती तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी करंट नेते आणि तिचे जोड सैल पडतात. अशा घरात तर हा प्रश्न विचाराच.

यातलं पाहण्याचं आणि मोजण्याचं काम आपलं. बोर्ड उघडण्याचं, वायर बदलण्याचं काम परवाना असलेल्या माणसाचं. मी बी.ई. आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. बोर्डाला मीही हात लावत नाही. त्या दिवशी घाबरून लावला, तोही मेन बंद करून.

वितळलेला तो ठोकळा बाबांनी टाकू दिला नाही. पानाच्या डब्याशेजारी ठेवला आहे. घरी कुणी आलं की आधी चहा येतो, मग ठोकळा. गेल्या आठवड्यात शेजारच्या बेन तो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि चहा तसाच ठेवून घरी गेल्या. दहा मिनिटांनी त्यांच्या मुलाचा मला फोन आला : "भाई, अमारे गीझर मां पण आवुंज छे. आज चालू करुं के नहीं?"

नको, म्हटलं. आज सगळ्यांनी गॅसवर पाणी तापवा.

पुढच्या महिन्यात अर्थिंगबद्दल : ती तिसरी, वरची पिन सगळ्यात लांब आणि जाड का असते. तुमच्या घरच्या डीबीवर आकड्यांचं काही कोडं दिसलं, तर मंडळाच्या पत्त्यावर फोटो पाठवा. आणि कुठे मासळीचा वास आलाच, तर आधी विचारा, आज घरात मासळी केली आहे का?